पदवीचे चीज करणारा महाकोशलपुत्र : पंडित माधवराव सप्रे

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मागे वळून पाहताना आम्हांस एका प्रश्नाची आठवण होते. मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली, की पुढे काय, हा तो प्रश्न. मुलुख सोडून दूर येऊन राहिलेल्या आम्हां मराठी कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आला आहे, आणि स्थिर नोकरी, हक्काचे घर व निवृत्तिवेतन हे त्याचे सर्वमान्य उत्तर आहे. त्यात गैर काही नाही. याच उत्तराच्या बळावर आमची घरे उभी राहिली. परंतु याच प्रांतात वाढलेल्या एका मराठी पदवीधराने या प्रश्नाचे निराळे उत्तर आपल्या आयुष्याने दिले. ते म्हणजे कै. पंडित माधवराव सप्रे.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. घरची भाषा मराठी, गावची भाषा हिंदी. आमच्या मुलांना आज जो अनुभव येतो, तोच त्यांनाही बाळपणापासून आला. बिलासपुरास प्राथमिक शिक्षण आटोपून ते रायपूरच्या शासकीय शाळेत दाखल झाले. तेथे नंदलाल दुबे या शिक्षकांनी त्यांच्या मनात हिंदी साहित्याची गोडी उत्पन्न केली. मातृभाषेचे दूध पिऊन वाढलेल्या मुलाला शेजारच्या भाषेची माया लावणारा गुरू भेटावा, हा त्यांच्या आयुष्यातील पहिला भाग्ययोग म्हटला पाहिजे.

उच्च शिक्षणासाठी ते जबलपूरच्या रॉबर्टसन महाविद्यालयात आले. हे महाविद्यालय मुळात सागर येथील. १८७३ मध्ये ते जबलपुरास आले. त्या काळी या प्रांतास स्वतःचे विद्यापीठ नव्हते. नागपूर विद्यापीठ स्थापन झाले १९२३ मध्ये आणि जबलपूरचे १९५६ मध्ये. येथील विद्यार्थ्यांस परीक्षा द्यावी लागे ती दूरच्या कलकत्ता विद्यापीठाची. माधवरावांचे शिक्षण सलगही झाले नाही. जबलपूर, ग्वाल्हेर, नागपूर असा प्रवास करीत, एकोणिसावे शतक सरता सरता त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. ही पदवी संपादन केली. पदवीधर बोटांवर मोजण्याइतके असलेल्या त्या काळात बी. ए. झालेल्या तरुणासाठी सरकारी अधिकारपदाचे दार आपोआप उघडत असे. तसे ते त्यांच्यासाठीही उघडले होते. त्यांनी मात्र त्या दाराकडे पाठ फिरविली.

त्यांनी पत्करली ती पेंड्रा येथील राजकुमाराची शिकवणी. त्या वेतनातून चार पैसे मागे टाकून जानेवारी १९०० मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. पेंड्रा म्हणजे बिलासपूरकडील एक आडवळणाचे गाव; छापखाना तेथे कोठून असणार! मजकूर पेंड्र्यास सिद्ध व्हावयाचा आणि छपाई आधी रायपुरास व पुढे नागपुरास व्हावयाची. रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे हे त्यांचे साथीदार. तिघे मराठी तरुण एका मागासलेल्या भागासाठी हिंदी मासिक चालवितात, ही गोष्टच आम्हांस विचार करावयास लावणारी आहे. १९०१ मध्ये याच मासिकात त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा प्रसिद्ध झाली. गरीब विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराची ही छोटीशी कथा हिंदीतील आरंभीच्या कथांत गणली जाते. ग्रंथपरीक्षणाची शिस्तही या मासिकाने हिंदीत रुजविली. पैशाअभावी ते तीन वर्षांतच बंद पडले; पण ज्या प्रदेशाचे नाव त्याने मुखपृष्ठावर मिरविले, तो शंभर वर्षांनी, २००० साली, स्वतंत्र राज्य झाला.

पुढे माधवराव नागपुरास गेले. लोकमान्य टिळकांचा ‘केसरी’ हिंदी भाषकांपर्यंत पोचावा, या हेतूने त्यांनी १३ एप्रिल १९०७ रोजी ‘हिंदी केसरी’ सुरू केला. १९०८ मध्ये या पत्राने एक निबंधस्पर्धा जाहीर केली. तीत पहिला आला खंडव्याचा एक तरुण शिक्षक, माखनलाल चतुर्वेदी. या नावाची गाठ पुढे पुन्हा पडावयाची आहे.

त्याच वर्षी जुलैमध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि २२ ऑगस्ट रोजी राजद्रोहाच्या आरोपाखाली माधवरावांना अटक झाली. येथे त्यांच्या चरित्रातील सर्वांत कठीण प्रसंग येतो, आणि तो झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. घरच्यांची, विशेषतः वडीलबंधूंची व्याकुळता त्यांना सहन झाली नाही. कौटुंबिक दडपणापुढे मान तुकवून त्यांनी सरकारास क्षमापत्र लिहून दिले व ते सुटले. सुटकेचा आनंद त्यांना लाभला नाही. सहकाऱ्यांच्या नजरेला नजर देणे त्यांना जड जाऊ लागले. त्यांनी स्वतःस जो दंड दिला, तो कोणत्याही न्यायालयाने दिला नसता. श्रीधर विष्णु परांजपे या समर्थ संप्रदायी सत्पुरुषाच्या सान्निध्यात ते हनुमानगडावर जाऊन राहिले, आणि बी. ए. झालेला हा संपादक मधुकरी मागून उदरनिर्वाह करू लागला.

या एकांतातूनच त्यांचे चिरस्थायी कार्य उदयास आले. समर्थांचा ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत आणला. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले आणि अल्पावधीतच माधवरावांच्या लेखणीतून ते हिंदी वाचकांच्या हाती पडले. चिंतामणराव वैद्यांची महाभारतमीमांसाही त्यांनीच हिंदीत नेली. घरात मिळालेली मराठी आणि शाळेत कमावलेली हिंदी या दोहोंचे त्यांनी असे सार्थक केले.

जबलपूरशी त्यांचा संबंध पुन्हा जुळला तो उत्तरायुष्यात. त्यांच्याच पुढाकाराने १७ जानेवारी १९२० रोजी येथून ‘कर्मवीर’ साप्ताहिक निघाले. संपादकाच्या खुर्चीवर मात्र ते बसले नाहीत; तेथे त्यांनी माखनलाल चतुर्वेदींना बसविले. बारा वर्षांपूर्वी निबंधाच्या कागदावर ज्याची पारख केली, त्याच्या हाती शस्त्र देऊन आपण मागे उभे राहिले. याच ‘कर्मवीर’च्या कामानिमित्त लक्ष्मणसिंह चौहान जबलपुरास आले आणि त्यांच्यासह सुभद्राकुमारी चौहान या नगरीच्या झाल्या. सेठ गोविंददासांसारख्या धनिकपुत्रालाही हिंदीच्या सेवेची प्रेरणा देणाऱ्यांत माधवराव होते. १९२१ मध्ये त्यांनी रायपुरास राष्ट्रीय विद्यालय काढले, मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा काढली. १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या मराठी गृहस्थास मिळाले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे देहावसान झाले. १९८४ मध्ये भोपाळ येथे त्यांच्या नावाने वृत्तपत्र संग्रहालय स्थापन झाले.

या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? प्रत्येकाने नोकरी सोडावी, असे आम्ही म्हणणार नाही. शिकवणीच्या वेतनावाचून ‘छत्तीसगढ़ मित्र’ही निघाला नसता. पण विद्यापीठाने दिलेले ज्ञान आपल्या घराच्या उंबरठ्यापाशी अडवून न ठेवता, ज्या भूमीने आम्हांस आश्रय दिला तिच्या भाषेत व तिच्या कामी ते खर्ची घालावे, एवढे तर प्रत्येकास करता येईल. पाय घसरला तरी उठून पुन्हा कामाला लागावे, आणि वेळ येताच आपल्याहून तरुण माणसाला पुढची जागा द्यावी, हेही माधवरावांनी करून दाखविले. पन्नास वर्षे मंडळ चालविणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांना यांतील शेवटचा धडा विशेष अगत्याचा वाटतो. मंडळाच्या पुढील वाटचालीची धुरा आता आमच्या पदवीधर मुलामुलींनी खांद्यावर घ्यावी, आणि आम्ही त्यांच्या पाठीशी उभे राहावे.