सांगलीचे विष्णुदास

आपल्या मंडळाच्या उत्सवात एक तरी नाटक होतेच. ड्युटी सांभाळून तालमी करायच्या, कुणी पाठांतर विसरले की विंगेतून सांगायचे, हे सर्व आपल्याला सवयीचे आहे. गेल्या सुट्टीत सहकुटुंब सांगलीला जाण्याचा योग आला. कृष्णाकाठच्या गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही भावे नाट्यमंदिर पाहायला गेलो. भावे कोण, असे मुलाने विचारले. त्याला जे सांगितले तेच येथे थोडक्यात देत आहे.

विष्णु अमृत भावे यांचे वडील सांगलीकर पटवर्धनांच्या पदरी होते. संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब यांनी १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळे होऊन सांगलीला राजधानी केली. गणपतीचे देऊळही त्यांनीच बांधविले. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीस आली. त्यांचे खेळ पाहून, असे काही सुधारून मराठीत करावे, असे आप्पासाहेबांच्या मनात आले. ते काम त्यांनी तरुण विष्णुपंतांवर सोपविले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी राजवाड्यात 'सीतास्वयंवर' झाले.

ते नाटक आजच्यासारखे नव्हते. सूत्रधार पदे म्हणे, विदूषक हसवी, आरंभी गणपती आणि सरस्वती रंगभूमीवर येत. मग देव, राक्षस आणि ऋषी यांचे आख्यान चाले. स्त्रियांची कामे मुलगे करीत. पदे विष्णुदासांची, पण भाषणे नटांनी आयत्या वेळी करायची!

१८५१ मध्ये आप्पासाहेब वारले आणि विष्णुदासांचा आधार गेला. दरबाराकडून पुढे मदत मिळेना. नटसंच मोडून नोकरी धरणे सोपे होते. पण मंडळी घेऊन ते गावोगाव निघाले. राजाश्रयावर वाढलेले नाटक आता लोकांच्या पैशावर जगवायचे होते. १८५३ मध्ये ते मुंबईस पोहोचले आणि ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून खेळ केले. याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. म्हणजे सांगलीहून निघताना या मंडळींना रेल्वे नव्हतीच. पडदे, पोशाख आणि माणसे घेऊन घाट उतरायचा, ही कसरत आम्हा रेल्वेवाल्यांना चांगली समजते.

पुढे त्यांच्या मंडळीसारख्या अनेक नाटक मंडळ्या निघाल्या. दहा-बारा वर्षांच्या फिरतीनंतर विष्णुदासांनी हा व्यवसाय सोडला. १८८५ मध्ये त्यांच्या पदांचा 'नाट्यकवितासंग्रह' छापला गेला. लाकडी बाहुल्या करण्यातही त्यांचा हात बसलेला होता. त्या बाहुल्यांना पुढे रामदास पाध्ये यांनी पुन्हा लोकांसमोर आणले. ९ ऑगस्ट १९०१ रोजी विष्णुदासांचे निधन झाले.

५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी सांगलीत ज्येष्ठ रंगकर्मींना विष्णुदास भावे गौरवपदक देतात.

मला मात्र एक गोष्ट विशेष वाटली. मराठी नाटकाला पहिली प्रेरणा शेजारच्या कानडी मुलखातून आलेल्या कलावंतांकडून मिळाली. आपण परप्रांतात राहतो. शेजाऱ्यांचे चांगले ते पाहावे, घ्यावे आणि आपल्या भाषेत उभे करावे, हे विष्णुदासांनी करून दाखविले. मिरज जंक्शनवरून जाताना वेळ असेल तर वाट वाकडी करून सांगलीला अवश्य जा. मुलांना बरोबर न्या.

गणपती बाप्पा मोरया!