रक्ताचा हिशेब

वयाची साठी ओलांडली की वर्षातून एकदोनदा रक्त तपासून घ्यावे लागते. प्रयोगशाळेतला मुलगा दंडाला रबरी पट्टी आवळतो, मूठ मिटायला सांगतो आणि कोपराच्या खळगीतली शीर टरारून वर येते. इतकी वर्षे मी त्या वेळी तोंड फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत असे. गेल्या खेपेस मात्र हाताकडे पाहत राहिलो आणि मनात आले, रक्त हृदयाकडून खाली येते, तर मग शीर पट्टीच्या खालच्या बाजूला का फुगते? तुंबायचेच तर वरच्या बाजूला तुंबायला हवे.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. लाल आणि निळ्या खडूने हृदयाची आकृती किती वेळा काढली असेल, त्याची गणती नाही. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले होते, की रक्त असे फिरते हे पाहिले कोणी? तास संपत आला होता. पुस्तकात दिले आहे, आकृती उतरवून घे, असे सांगून मी त्याला खाली बसवले. प्रयोगशाळेच्या त्या खुर्चीत बसल्यावर मला तो मुलगा आठवला आणि त्याच्यामागोमाग विल्यम हार्वे.

हार्वेचा जन्म 1 एप्रिल 1578 रोजी इंग्लंडमधल्या फोकस्टन या गावचा. केंब्रिजचे शिक्षण संपवून तो इटलीतल्या पाडुआला गेला आणि 1602 साली तिथून वैद्यकाची पदवी घेऊन परतला. गॅलिलिओ त्या काळी त्याच विद्यापीठात शिकवत होता. हार्वेचे गुरू फॅब्रिशियस हे नावाजलेले शरीररचनातज्ज्ञ. शिरांच्या आत छोट्या छोट्या झडपा असतात हे त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवले. त्या कशासाठी, याचे त्यांचे उत्तर मात्र जुन्या चाकोरीतले होते. रक्त एकदम हातापायांत उतरून साचू नये म्हणून त्याचा वेग आवरायला त्या आहेत, असे ते मानत.

ही चाकोरी गेलनची. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला हा ग्रीक वैद्य. त्याच्या मते अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, शिरांवाटे अंगभर जाते आणि तिथेच खर्ची पडते. शेताला पाट काढून पाणी द्यावे आणि ते मातीत जिरावे, तसे. थोडे रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या अदृश्य छिद्रांतून उजवीकडून डावीकडे झिरपते, असेही तो सांगे. ती छिद्रे कोणालाच दिसत नव्हती. तेराव्या शतकात अरब वैद्य इब्न अल्‌-नफीस याने ती नाकारली होती, रक्त फुप्फुसांतून जाते असे लिहिले होते. सोळाव्या शतकात युरोपातही एकदोघांनी तसेच म्हटले. तरी गेलनची गादी चौदाशे वर्षे हलली नव्हती.

लंडनला परतल्यावर हार्वे 1609 साली सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात रुजू झाला आणि 1616 पासून वैद्यांच्या महाविद्यालयात शरीररचनेवर व्याख्याने देऊ लागला. साप, बेडूक, मासे, कुत्री, जे हाती येईल त्याचे हृदय तो पाही. जिवंत प्राण्यांवरचे ते प्रयोग आज वाचवत नाहीत; पण संथ ठोक्यांच्या थंड रक्ताच्या प्राण्यांतच त्याला दिसले, की हृदय आकसते तेव्हाच रक्त बाहेर फेकते.

मग त्याने साधा गुणाकार मांडला. हृदयाच्या डाव्या कप्प्यात साधारण दोन औंस रक्त मावते. दर ठोक्याला त्यातले अर्धा औंसच बाहेर पडते असे धरा. अर्ध्या तासात ठोके हजार. म्हणजे 500 औंस, आजच्या मापाने 14 किलोंहून अधिक. एवढे रक्त अर्ध्या तासात तयार व्हायला माणसाने खायचे तरी किती? त्याचा अंदाज मुद्दामच कमी होता. विसावा घेणाऱ्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. अर्थ एकच निघत होता. तेच रक्त पुन्हा पुन्हा येत असले पाहिजे.

पुढचा पुरावा दंडावरच्या पट्टीचा. पट्टी करकचून आवळली तर मनगटाची नाडी बंद पडते आणि हात गार पडू लागतो. जराशी सैल केली की खोलवरची रोहिणी मोकळी होते, रक्त हातात शिरते. पण वरवरच्या नीला दबलेल्याच राहतात, म्हणून ते परतू शकत नाही आणि पट्टीखाली शिरा फुगतात. रक्त रोहिणीतून येते आणि नीलेतून परत जाते. गुरूंनी दाखवलेल्या झडपाही हृदयाच्या दिशेनेच उघडतात, हे त्याने बोटाने शीर दाबून दाखवले. माझ्या प्रश्नाचे उत्तर चारशे वर्षांपूर्वीच देऊन झाले होते.

1628 साली, वयाच्या पन्नाशीत, त्याने हे सारे 72 पानांच्या लॅटिन पुस्तकात फ्रँकफर्टहून छापले. पुस्तक राजा पहिला चार्ल्स याला अर्पण केले होते. या राजाचा तो वैद्य. 1641 साली छातीला लहानपणच्या जखमेचे भोक राहिलेला एक तरुण त्याने राजापुढे नेला. दोघांनी त्याच्या धडधडत्या हृदयाला बोट लावले. तरुणाला स्पर्श कळलाही नाही.

पुस्तकाची किंमत हार्वेला मोजावी लागली. लोक त्याला चक्रम म्हणू लागले, रोगी कमी झाले, असे त्याला ओळखणाऱ्या जॉन ऑब्रीने लिहून ठेवले आहे. पॅरिसच्या रिओलाँने विरोध केला. त्याला हार्वेने 1649 साली उत्तर दिले. त्याच वर्षी राजाचा शिरच्छेद झाला. त्याआधी 1642 मध्ये यादवी युद्धाच्या धामधुमीत हार्वेचे घर लुटले गेले होते आणि कीटकांवरची त्याची टिपणे नष्ट झाली होती. ते दुःख त्याला शेवटपर्यंत सलत राहिले.

3 जून 1657 रोजी तो गेला. एक दुवा राहूनच गेला होता. रक्त रोहिणीतून नीलेत नेमके कसे जाते, हे त्याला दिसले नव्हते. वाट असलीच पाहिजे, एवढे त्याचा हिशेब सांगत होता. चार वर्षांनी, 1661 मध्ये, इटलीच्या माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या.

म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न अगदी नेमका होता. ते पुरते फिरणे खुद्द हार्वेनेही पाहिले नव्हते. त्याने ते मोजून काढले होते. आणि मी मात्र त्याला पुस्तकात दिले आहे म्हणून गप्प बसवले. गेलनचे अनुयायी चौदाशे वर्षे हेच करत होते.

त्या दिवशी घंटा व्हायला पाच मिनिटे होती. माझ्या खिशात रुमाल होता. तो माझ्या दंडाला बांधून त्या पोराला शीर दाबायला सांगितले असते, तर तेवढा वेळ पुरला असता.