अर्पणगीत लिहिणाऱ्या हॅवरगलबाई

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यामुळे इंग्रजी बाईचे चरित्र मी लिहायला घेतले हे पाहून कोणी हसेल. पण आमच्या शेजारी एक ख्रिस्ती बाई राहतात, शाळेतून निवृत्त झालेल्या. दुपारी निवडटिपण करताना त्या मला वाचून, मराठीत सांगत गेल्या, आणि मी ऐकत गेले. पुस्तक होते फ्रान्सिस रिडली हॅवरगल यांच्या थोरल्या बहिणीने, मरियाबाईंनी, 1880 साली छापलेले.

चर्चमध्ये दानाची थैली फिरते तेव्हा म्हणायची जी गीते आहेत, त्यांत या हॅवरगलबाईंचे गीत फार प्रसिद्ध आहे. देवा, माझे सारे आयुष्य तू घे, असा त्याचा भाव. मग एकेक करून हात, पाय, वाणी, सोनेचांदी, बुद्धी, मन असे सगळे त्याच्या स्वाधीन करायचे. आपल्याकडेही तन-मन-धन म्हणतातच. पण म्हणणे वेगळे आणि कपाटाची किल्ली काढणे वेगळे. या बाईंनी किल्ली काढली, म्हणून मला त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले.

त्यांचा जन्म 14 डिसेंबर 1836 रोजी इंग्लंडात, वूस्टरशायर परगण्यातल्या अॅस्टली गावी झाला. सहा भावंडांत या शेंडेफळ. वडील विल्यम हेन्री हॅवरगल तिथले धर्मगुरू, आणि चर्चच्या संगीतातले मोठे जाणकार. त्यांनी एका प्रसिद्ध मिशनगीताला चाल लावून छापली, तिचे 180 पौंड आले, ते त्यांनी चर्च मिशनरी सोसायटीला देऊन टाकले. म्हणजे देण्याचे वळण घरातच होते. (याच सोसायटीचे काम आपल्या नाशिकजवळ शरणपूरलाही होते.)

फ्रान्सिस अकरा वर्षांची असताना आई गेली. पुढे वडिलांनी दुसरे लग्न केले. 1852 मध्ये त्यांच्या डोळ्यांच्या उपचारासाठी घरची मंडळी जर्मनीत गेली, तेव्हा मुलीला ड्युसेलडॉर्फच्या शाळेत घातले. परक्या भाषेत शिकून तिने पहिला नंबर काढला. पुढे ग्रीक आणि हिब्रू शिकली. बायबलचे पुष्कळसे भाग तर तोंडपाठ. पियानोवर हँडेल, बेथोवेन यांच्या रचना कागद समोर न घेता वाजवी. गळा इतका चांगला की किडरमिन्स्टरच्या संगीतमंडळात एकटीचे गाणे असे. स्वतः चालीही बांधी. कलोनला हिलर नावाचे मोठे संगीतकार होते, त्यांना तिने आपल्या चाली नेऊन दाखवल्या. त्यांनी सुरांच्या मांडणीची तारीफ केली. प्रकृती मात्र नेहमी नाजूक. लग्न केले नाही.

आता ते गीत. फेब्रुवारी 1874. बाई पाच दिवसांसाठी एरली हाउस नावाच्या घरी पाहुण्या म्हणून गेल्या होत्या. घरात दहा माणसे. कुणाची श्रद्धा डळमळीत, कुणाची असून आनंद नाही. या सगळ्यांचे मन देवाकडे वळावे अशी त्यांनी प्रार्थना केली होती. शेवटच्या रात्री घरातल्या शिकवणीच्या बाईंनी त्यांना बोलावले, कारण दोन मुली रडत बसल्या होत्या. त्यांच्याशी बोलून, त्यांना शांत करून बाई आपल्या खोलीत आल्या, पण आनंदाने झोप येईना. त्या रात्री एकामागून एक दोन-दोन ओळींचे चरण सुचत गेले. तारीख 4 फेब्रुवारी.

दोन ओळींचे चरण, प्रत्येक ओळीत सात अक्षरे. आपल्या ओवीसारखेच हे सोपे माप. म्हणून त्याला कितीतरी चाली बसतात. इंग्रजी भजनांच्या चालींना स्वतःची नावे असतात, हे मला नवीनच कळले. बाईंच्या मनाला लागलेली चाल पॅटमॉस नावाची. ती त्यांच्या वडिलांची, आणि गीत त्याच चालीवर गावे अशी त्यांची इच्छा. पण अमेरिकेत हेंडन ही चाल जास्त चालते. ती जिनिव्हाचे धर्मोपदेशक सेझार मलां यांची, 1827 सालची. यात गंमत अशी की मलां 1864 मध्ये वारले आणि बाईंचे वडील 1870 मध्ये. दोघांनीही हे शब्द कधी ऐकले नाहीत. चाली आधीच तयार होत्या, शब्द मागून आले. वडील गेल्यावर त्यांच्या चालींचा संग्रह मुलीनेच जुळवून 1871 मध्ये छापून घेतला होता. मला वाटते, पॅटमॉसचा आग्रह त्या मायेपोटीच असावा.

वाणी देवाला दिली म्हणून त्यांनी पुढे करमणुकीची गाणी सोडली आणि भक्तिगीतेच गाइली. ज्याच्या गळ्याला टाळ्या मिळालेल्या असतात त्याला हे सोपे नसते. पण सोन्याचांदीची ओळ तशीच राहिली. एक नाही, दोन नाही, चार वर्षे. त्या ओळीचा अर्थ त्यांनी दागिन्यांना लावला तो ऑगस्ट 1878 मध्ये.

त्याच मे महिन्यात सावत्र आई वारली होती. लेमिंग्टनचे घर मोडायचे होते. तेव्हा बाईंनी आपले दागिने काढले. जवळजवळ पन्नास नग. ते ठेवायची पेटीसुद्धा अशी की एखाद्या सरदारणीच्या घरी शोभावी. ती पेटी आणि दागिने त्यांनी चर्च मिशनरी सोसायटीकडे पाठवले, विकून पैसे कामाला लावा म्हणून. सामान बांधताना इतका आनंद आपल्याला कधी झाला नव्हता, असे त्यांनी मैत्रिणीला कळवले.

खरे सांगते, हे ऐकून मला आधी कौतुक वाटले नाही, धास्ती वाटली. आपल्या बायकांचे दागिने काय नुसते मिरवायचे असतात? माझ्या पाटल्या दोनदा सोनाराकडे जाऊन आल्या आहेत, एकदा सासूबाईंच्या ऑपरेशनला आणि एकदा घरावर पत्रे घालायला. आणि या बाई तर एकट्या, वय एक्केचाळीस, आजारी, घर मोडलेले. 1873 च्या सुमारास अमेरिकेत पेढ्या बुडाल्या त्यात त्यांचे तिकडचे प्रकाशक बुडून मिळकत गेलेली. 1876 मध्ये छापखान्याला आग लागून भजनसंग्रहाचे तयार काम जळाले, ते पुन्हा पहिल्यापासून करावे लागलेले. अशा बाईने पेटी रिकामी करावी?

पण पुढचे ऐकले तेव्हा त्या मला जवळच्या वाटल्या. त्यांनी सगळे दिले नाही. आईवडिलांची आठवण म्हणून रोज लावायचे एक-दोन ब्रोच ठेवले. वारलेल्या एका भावंडाच्या मुलीचे चित्र असलेले लॉकेट ठेवले, कारण तिचे दुसरे चित्र नव्हते. तिच्या दोन अंगठ्याही ठेवल्या. मात्र या ठेवलेल्या वस्तूंची किंमत काढून तेवढे पैसे त्यांनी सोसायटीत भरले. आठवण घरात राहिली आणि दानही पुरे झाले. हिशेबाला इतकी चोख आणि मनाने इतकी ओली बाई मला फार आवडली. डोळे मिटून सगळे फेकून दिले असते तर मी नमस्कार केला असता, एवढेच.

त्यानंतर त्या बहीण मरियाबाईंबरोबर वेल्समध्ये, स्वॉन्सीजवळ कॅझवेल बे इथे समुद्राकाठी राहायला गेल्या. गावातल्या पोरांकडून दारू न पिण्याची शपथ घेववीत. मे 1879 मध्ये गावकऱ्यांशी रस्त्यात उभ्याने बोलत असताना पावसात भिजल्या, थंडी भरली, पोटाचे दुखणे विकोपाला गेले. 3 जून 1879 रोजी बेचाळिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. अॅस्टलीला वडिलांच्या कबरीतच त्यांना ठेवले.

त्यांच्या नावाने सोसायटीने निधी काढला. त्यातून हिंदुस्थानात घरोघर जाऊन बायकांना बायबल वाचून दाखवणाऱ्या स्त्रिया तयार करायच्या आणि बाईंची पुस्तके इकडच्या भाषांत आणायची, असे ठरले.

शेवटच्या दिवशी श्वास लागत असताना त्यांनी एक भजन म्हणायला घेतले. शब्द दुसऱ्या एका बाईंचे होते, पण चाल हर्मस नावाची, त्यांची स्वतःची.