हेलन केलर आणि बोलकी पुस्तके

हेलन केलर हे नाव आमच्या वाचकांस नवीन नाही. वक्तृत्वस्पर्धेत दरवर्षी कोणी ना कोणी त्यांच्यावर बोलतोच, आणि पाण्याच्या पंपाखाली हात धरून उभी असलेली ती अंध, बधिर बालिका आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. परंतु तो प्रसंग घडला तेव्हा ही मुलगी सात वर्षांचीही झालेली नव्हती. त्यानंतर ती ऐंशी वर्षांहून अधिक काळ जगली. एवढ्या मोठ्या आयुष्यात त्यांनी केले तरी काय, असे एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारल्यास त्याचे खरे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. आयुष्याचा फार मोठा भाग त्यांनी लोकांपुढे पदर पसरण्यात घालविला. त्या मागण्यातून जी अनेक कामे उभी राहिली, त्यांपैकी एकाची हकीकत आम्ही येथे विशेष विस्ताराने सांगणार आहोत. कारण ज्या वस्तूसाठी बाईंनी शब्द खर्च केला, तिचा उपभोग स्वतः त्यांना कधीच घेता येणार नव्हता.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा संस्थानात टस्कंबिया नावाचे एक लहान गाव आहे. तेथे २७ जून १८८० रोजी हेलनचा जन्म झाला. वडील वृत्तपत्राचे संपादक होते. मूल एकोणीस महिन्यांचे असताना त्याला कठीण ज्वर आला. ताप उतरला, पण जाताना दृष्टी आणि श्रवण दोन्ही घेऊन गेला. पुढची पाच वर्षे कशी गेली असतील याची कल्पनाच करावी. ग्रॅहॅम बेल (टेलिफोनचे जनक तेच, बहिऱ्यांचे शिक्षण हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता) यांच्या सल्ल्यावरून बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेस पत्र गेले आणि ३ मार्च १८८७ रोजी अॅन सुलिव्हन नावाची वीस वर्षांची शिक्षिका केलरांच्या घरी उतरली. ही अॅन स्वतः काही काळ जवळजवळ आंधळी होती, बालपणी अनाथ होऊन सरकारी अन्नछत्रात वाढली होती, आणि शस्त्रक्रियांनंतर तिला जेमतेम दिसू लागले होते. महिनाभरातच, ५ एप्रिलला, तो पंपाचा प्रसंग घडला. वाहत्या पाण्याचे नाव तळहातावर बोटांनी लिहिले गेले आणि प्रत्येक वस्तूला नाव असते हे हेलनला उमगले.

यानंतर अॅनबाईंनी जे केले त्याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. त्या काळी उठावाच्या अक्षरांत छापलेली पुस्तके अगदी थोडी असत, आणि तीही एका लिपीत नसत. निरनिराळ्या शाळा निरनिराळ्या लिप्या वापरीत, त्यामुळे हेलनला एकामागून एक अशा कित्येक लिप्या शिकाव्या लागल्या. जे पुस्तक कोणत्याच उठाव लिपीत नसेल ते अॅनबाई डोळ्यांनी वाचीत आणि करपल्लवीने, एकेक अक्षर करून, हेलनच्या तळहातावर लिहीत. १९०० साली हेलन रॅडक्लिफ या स्त्रियांच्या कॉलेजात दाखल झाली तेव्हा चार वर्षे हाच क्रम चालला. वर्गात प्राध्यापकांचे व्याख्यान, घरी क्रमिक पुस्तके, संदर्भग्रंथ, कोश, सारे काही एका बाईच्या डोळ्यांतून दुसरीच्या तळव्यावर उतरत होते. १९०४ साली हेलन सन्मानपूर्वक पदवीधर झाली. त्याआधी १९०३ मध्ये तिचे आत्मचरित्रही प्रसिद्ध झाले होते. पदवी एकीला मिळाली. मूळचे अधू असलेले डोळे मात्र दुसरीचे खर्ची पडले. एका अंधाला एक पुस्तक वाचून दाखविण्यास एका डोळसाचे किती तास लागतात, हा हिशेब हेलनबाईंएवढा पक्का क्वचितच कोणाला ठाऊक असेल.

कीर्ती झाली तरी पैसा नव्हता. पोलाद-सम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी देऊ केलेले वार्षिक वेतन बाईंनी प्रथम नाकारले, कारण आपल्या लेखणीवर आणि वाणीवर जगावे असा त्यांचा बाणा होता. पुढे प्रवासात अॅनबाई आजारी पडल्यावर तो बाणा बाजूस ठेवून त्यांनी ते स्वीकारले. व्याख्याने झाली, चित्रपट झाला. १९२० पासून चार वर्षे तर त्यांनी करमणुकीच्या रंगभूमीवर काम केले. डोंबारी, विदूषक आणि गायक यांच्या खेळांमध्ये वीस मिनिटे यांची. प्रतिष्ठित मंडळींनी नाके मुरडली. बाईंना मात्र त्या गर्दीचा कंप पायांखालच्या फळ्यांतून जाणवे आणि तो आवडे.

अंधांसाठी काम करणारी एक अखिल अमेरिकन संस्था १९२१ साली स्थापन झाली होती. १९२४ पासून हेलनबाई तिच्या निधीसाठी फिरू लागल्या. तीन वर्षांत १२३ शहरांत २४९ सभा झाल्या आणि अडीच लाखांहून अधिक लोकांनी त्या ऐकल्या. सभेचा प्रकार ठरलेला असे. आधी अॅनबाई आपल्या शिष्येच्या शिक्षणाची हकीकत सांगत. मग हेलनबाई दुसऱ्याच्या ओठांवर व गळ्यावर बोटे ठेवून त्याचे बोलणे कसे ओळखतात ते दाखवीत. शेवटी त्या स्वतः, कष्टाने कमावलेल्या आणि नवख्याला चटकन न कळणाऱ्या आवाजात, आवाहन करीत आणि वर्गणीची ताटे फिरत. वीस लाख डॉलरचा संकल्प होता. तो त्या दौऱ्यात पुरा झाला नाही. याचना करणे बाईंना मनापासून कडू वाटे आणि हे त्यांनी कधी लपविले नाही. वर्गणीचे पुस्तक हाती घेऊन दारोदार गेलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना यातील कडवटपणा निराळा समजावून सांगायला नको! १९२५ च्या जूनमध्ये ओहायो संस्थानातील एका अधिवेशनात त्यांनी लायन्स क्लबांना अंधांचे कैवारी होण्याची विनंती केली. आपल्याकडे गावोगाव लायन्स क्लबांची जी नेत्रशिबिरे भरतात, त्यांचा धागा त्या भाषणापर्यंत जाऊन पोहोचतो.

आता बोलक्या पुस्तकांकडे वळू. पुस्तक कानांनी वाचावे ही कल्पना आपल्या घरांना परकी नाही. आमच्या कोकणी घरांत काय किंवा देशावरच्या घरांत काय, चातुर्मासात एकाने पोथी वाचावी आणि अक्षरओळख नसलेल्या आजीसकट सर्वांनी ऐकावी, ही रीत जुनी आहे. अडचण एवढीच, की वाचणारा उठून गेला की पोथी मुकी होते. वाचणाऱ्याचा आवाज साठवून ठेवता आला तर? ग्रामोफोन होता, पण त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस चारपाच मिनिटांचाच मजकूर मावे, म्हणजे एका कादंबरीस तबकड्यांचा ढीग लागला असता. या संस्थेचे प्रमुख कार्यकर्ते रॉबर्ट आयर्विन (हे स्वतः पाचव्या वर्षापासून अंध होते) यांनी तज्ज्ञांकडून मिनिटास सुमारे तेहेतीस फेरे घेणारी सावकाश तबकडी तयार करविली. तिच्या एका बाजूस पंधरा मिनिटे वाचन मावू लागले आणि पंधरावीस तबकड्यांत आख्खी कादंबरी बसली. १९३४ साली अशी पुस्तके निघू लागली. पहिल्या काहींत शेक्सपिअरची नाटके होती आणि वुडहाऊसचा विनोदही होता. डोळस लोकांना बाजारात अशी दीर्घवादन तबकडी मिळाली ती १९४८ मध्ये. शास्त्राची एखादी सोय अंधांस आधी आणि इतरांस चौदा वर्षांनी मिळावी, असे उदाहरण आम्हास दुसरे चटकन आठवत नाही. इंग्लंडमध्येही पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या इयान फ्रेझर यांच्या पुढाकाराने १९३५ साली असेच ग्रंथालय सुरू झाले.

या सोयीचे महत्त्व कोणाला? ज्यांची दृष्टी उतारवयात गेली, ज्यांची बोटे हातोडा धरून किंवा धुणी धुऊन राठ झाली, त्यांना ब्रेलची टिंबे लागता लागत नाहीत. आणि अंधांत संख्या अशांचीच मोठी. तबकड्या ग्रंथालयातून टपालाने मोफत येणार होत्या. पण त्या वाजविण्याचे यंत्र घ्यायचे कोठून? यंत्रांसाठी पैसा उभा करायचा तर हेलनबाईंचा शब्द हवा, म्हणून संस्थेने त्यांना तार केली. आणि बाईंनी चक्क नकार दिला.

तो काळ महामंदीचा होता. सुमारे एक कोटी माणसे बेकार होती, भाकरीसाठी रांगा लागत होत्या. अशा वेळी ग्रामोफोनसाठी हात पसरणे त्यांच्या मनास पटेना. ही चैन आहे आणि अंधांना काही दिवस तिच्यावाचून चालेल, असे त्यांचे म्हणणे पडले. काही जणांना या नकारात वेगळेच दिसले. ज्यांना ऐकूच येत नाही त्यांना आवाजाच्या पुस्तकाची किंमत काय कळणार, असे कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक होते. आमच्या मते हा तर्क न्यायाचा नाही. उपाशी माणसाच्या दारात वर्गणी मागू नये, एवढीच त्यामागची भावना होती, आणि ती त्यांच्या साऱ्या जीवनाशी जुळणारी आहे.

पुढे जे घडले ते मोठे मौजेचे आहे. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने बेकारांना काम देण्यासाठी मोठी योजना काढली होती. ही यंत्रे त्याच योजनेत, बेकार कामगारांकडून बनवून घ्यावीत अशी कल्पना पुढे आली. अंधाला यंत्र आणि बेकाराला रोजी! बाईंचा आक्षेपच नाहीसा झाला. आपले मत बदलण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १९३५ साली त्यांनी आपले सारे वजन खर्चून रूझवेल्टांकडे शब्द टाकला आणि मंजुरी मिळाली. १९४२ पर्यंत वीस हजारांहून अधिक यंत्रे तयार होऊन देशभरच्या अंधांच्या घरी गेली. हेलनबाई आकाशवाणी-यंत्राच्या पडद्यावर बोटे ठेवून सिंफनीचे कंप अनुभवीत असत. पण तबकडीवरचे वाचन? स्वर बोटाला कळे, शब्द कळत नसे. त्यांनी मिळवून दिलेल्या त्या हजारो यंत्रांपैकी एकानेही त्यांना एक वाक्य ऐकविले नाही.

ऑक्टोबर १९३६ मध्ये अॅनबाई वारल्या. शेवटच्या काळात त्यांचीही दृष्टी गेली होती. पॉली थॉमसन या सोबतिणीला घेऊन हेलनबाईंनी काम पुढे चालविले, आणि महायुद्धात जखमी सैनिकांच्या इस्पितळांतून त्या फिरल्या. युद्धात अंध झालेले जवान कॉलेजात शिकू लागले तेव्हा त्यांना कथा-कादंबऱ्यांपेक्षा क्रमिक पुस्तके हवी होती. १९४८ साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाशी संबंधित काही स्त्रियांनी, अॅन मॅक्डोनल्ड यांच्या पुढाकाराने, ग्रंथालयाच्या माळ्यावर बसून ती पुस्तके विनावेतन वाचून ध्वनिमुद्रित करण्यास आरंभ केला. एका शिक्षिकेचे डोळे जेथे खर्ची पडले होते, तेथे आता पुष्कळांनी थोडे थोडे वाचावे अशी व्यवस्था झाली.

१९५५ च्या आरंभी, वयाच्या पंचाहत्तरीस टेकलेल्या असताना, बाई पाच महिन्यांच्या, चाळीस हजार मैलांच्या आशियाच्या दौऱ्यावर निघाल्या. दिल्लीस त्यांनी पंडित नेहरूंचा चेहरा बोटांनी पाहिला. मुंबईसही त्या आल्या. तेव्हा आपले सुरत शहर मुंबई राज्यातच मोडत होते. मुंबईत १९५२ साली अंधांसाठी राष्ट्रीय संस्था निघालेली होती, आणि देशातील सर्व भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली होती. बाईंना बालपणी झालेला अनेक लिप्यांचा जाच आपल्या मुलांपुरता टळला. १ जून १९६८ रोजी हेलनबाई निवर्तल्या. वॉशिंग्टनच्या मोठ्या चर्चमध्ये त्यांच्या अस्थी अॅनबाईंच्या शेजारी ठेवल्या आहेत. १९७७ साली मुंबईत अंध-बधिर मुलांची जी शाळा निघाली तिला त्यांचेच नाव आहे.

तबकडी गेली, मग फीत गेली; आता पुस्तक संगणकात आणि भ्रमणध्वनीत मावते. २०१२ सालच्या दुरुस्तीने आपल्या कायद्याने अंधांसाठी पुस्तकाचे रूपांतर करण्यास लेखकाच्या परवानगीची अट ठेविली नाही, आणि २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे देशव्यापी ग्रंथालय सुरू झाले. आमच्या सुरतेत अंध मुलांची शाळा आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली कितीतरी मराठी घरे आहेत, आणि त्यांतील एखाद्या अंध मुलाला मराठी पुस्तक ऐकवायचे तर मराठी वाचणारा कंठ हवा. यंत्राचा आवाज हल्ली मराठीही वाचतो, पण कवितेच्या चरणापाशी तो अडखळतो आणि चित्रापाशी गप्प होतो. माणसाने वाचताना पानाचा आकडा सांगावा लागतो, अवघड नाव अक्षरे फोडून उच्चारावे लागते, चूक झाली तर वाक्याच्या आरंभापासून पुन्हा घ्यावे लागते, आणि बाहेर फेरीवाल्याची आरोळी आली की थांबावे लागते. भूमितीतील एक साधी आकृती, ज्याने ती कधी पाहिली नाही त्याला समजेल अशी शब्दांत सांगण्यास, पुष्कळदा सबंध पान वाचण्याहून अधिक वेळ जातो.