जोसेफ ब्लॅक

फ्रान्स देशात गारॉन नदीच्या तीरी बोर्दो नावाचे बंदर आहे. द्राक्षांच्या मद्याचा मोठा व्यापार तेथे पूर्वापार चालत आलेला आहे. अठराव्या शतकात या व्यापारानिमित्त ब्रिटिश बेटांतील कित्येक कुटुंबे तेथे जाऊन राहिली होती. अशाच एका कुटुंबात १६ एप्रिल १७२८ रोजी जोसेफ ब्लॅकचा जन्म झाला. तो बारा वर्षांचा होताच वडिलांनी त्यास शिक्षणासाठी आयर्लंडमधील बेलफास्ट या आपल्या गावी धाडले. तेथून तो स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात गेला. वैद्यकाचा अभ्यास करीत असता विल्यम कलेन यांची रसायनशास्त्रावरील व्याख्याने त्याच्या कानी पडली आणि त्या शास्त्राची त्यास गोडी लागली. काही वर्षे त्याने कलेन यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणूनही काम केले.

पुढे एडिंबरो येथे १७५४ साली त्याने वैद्यकाची पदवी मिळविली. त्यासाठी त्याने मॅग्नेशिया नावाच्या एका पांढऱ्या औषधी चूर्णाचा अभ्यास केला होता. हे चूर्ण तापविले की त्याचे वजन घटते. घटलेले वजन गेले कोठे, याचा शोध घेताना त्यास आढळले की चूर्णातून एक वायू बाहेर पडतो. आज आपण त्यास कार्बन डायऑक्साइड म्हणतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूचाही चोख हिशेब ठेवण्याची सवय ब्लॅकला येथेच जडली असावी.

१७५६ साली तो ग्लासगोला अध्यापक झाला आणि तेथे उष्णतेच्या कोड्याकडे वळला. मुलांनो, लोखंडी तवा चुलीवर पाहता पाहता तापतो; तेवढ्याच वजनाचे पाणी तापावयास मात्र कितीतरी वेळ लागतो. असे का व्हावे? समान आकाराच्या सर्व वस्तूंना सारखीच उष्णता लागते, असे हॉलंडमधील प्रख्यात पंडित बोरहाव्हे यांचे मत होते. इतर काही जण म्हणत, की वस्तू जितकी जड तितकी तिला उष्णता अधिक. पारा पाण्याहून साडेतेरा पटींहून अधिक जड असतो. तेव्हा या दुसऱ्या मताप्रमाणे तो तापावयास फार वेळ लागावा. परंतु मार्टिन नावाच्या स्कॉटिश वैद्याने पारा व पाणी समान मापाने घेऊन विस्तवापुढे ठेवले, तेव्हा पाराच जवळजवळ दुप्पट वेगाने तापला!

तापमापक बनविणाऱ्या फॅरनहाइटनेही बोरहाव्हे यांच्यासाठी असाच एक प्रयोग केला होता. १०० अंशांचे पाणी आणि १५० अंशांचा पारा समान मापाने एकत्र केले, तर मिश्रण १२५ अंशांवर यावे. प्रत्यक्षात ते १२० वरच थांबले. म्हणजे पारा ३० अंशांनी निवला, पण पाणी २० अंशांनीच तापले. हे आकडे कित्येक वर्षे पंडितांपुढे होते. त्यांचा अर्थ मात्र १७६० च्या सुमारास ब्लॅकने लावला. उष्णतामान वेगळे आणि उष्णतेचे परिमाण वेगळे, हे त्याने ओळखले. तापमापक पहिले दाखवितो, दुसरे दाखवीत नाही. उष्णता साठविण्याची प्रत्येक पदार्थाची शक्ती निराळी असते आणि ती केवळ आकारावरून किंवा वजनावरून सांगता येत नाही; प्रयोग करूनच ती शोधावी लागते.

या शक्तीच्या मापास पुढे विशिष्ट उष्णता हे नाव मिळाले. एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापविण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक कॅलरी. म्हणून पाण्याची विशिष्ट उष्णता १ झाली. लोखंडाची सुमारे ०.११ आणि पाऱ्याची सुमारे ०.०३३ भरते. ग्रॅमऐवजी पौंड आणि सेल्सिअसऐवजी फॅरनहाइट अंश घेऊन ब्रिटिश उष्णता-एकक वापरले, तरी हे आकडे बदलत नाहीत, कारण तेथेही माप पाण्यावरूनच ठरविलेले आहे. ज्यूल या एककात मात्र आकडा बदलतो. एक कॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ ज्यूल. तेव्हा लोखंडासाठी ०.११ ला ४.१८ ने गुणावे. एका ग्रॅमला सुमारे ०.४६ ज्यूल आणि एका किलोग्रॅमला त्याच्या हजारपट, म्हणजे सुमारे ४६० ज्यूल येतात. पाण्याच्या एका किलोग्रॅमला ४,१८० ज्यूल लागतात.

ब्लॅकचा सर्वांत सुंदर प्रयोग बर्फाचा होय. काचेच्या दोन सारख्या गोलांत त्याने सारखेच पाणी घेतले. एकातील पाणी गोठविले आणि दुसऱ्यातील ३३ अंश फॅरनहाइटपर्यंत थंड केले. मग ते दोन्ही गोल एका मोठ्या दालनात टांगून तो वाट पाहत बसला. पाणी अर्ध्या तासात ४० अंशांवर आले, म्हणजे ७ अंश चढले. बर्फाला वितळून ४० अंशांवर येण्यास साडेदहा तास लागले! साडेदहा तास म्हणजे एकवीस अर्धे तास. २१ गुणिले ७ म्हणजे १४७. यांपैकी ३२ पासून ४० पर्यंतचे ८ अंशच तापमापकावर दिसले. उरलेल्या १३९ अंशांची उष्णता बर्फ वितळविण्यातच खर्ची पडली होती. तिला त्याने गुप्त उष्णता म्हटले. आजच्या सूक्ष्म मोजणीने हा आकडा सुमारे १४४ येतो. दोन गोल आणि एक तापमापक एवढ्या सामग्रीवर ब्लॅक सत्याच्या किती निकट पोहोचला होता!

त्याच विद्यापीठात जेम्स वॉट हा तरुण कारागीर उपकरणे दुरुस्त करीत असे. थोड्याशा वाफेने पुष्कळ पाणी उकळू लागते हे पाहून तो चकित झाला, तेव्हा ब्लॅकने त्यास गुप्त उष्णतेचे तत्त्व समजावून दिले. त्याने वॉटला पैशाचीही मदत केली. वॉटचे सुधारलेले वाफेचे यंत्र या तत्त्वातूनच जन्मले असे पुष्कळदा सांगतात. स्वतः वॉटला ते मान्य नव्हते.

१७६६ साली ब्लॅक एडिंबरोस अध्यापक झाला आणि तीस वर्षांहून अधिक काळ तेथे शिकवीत राहिला. दूरदूरचे विद्यार्थी त्याची व्याख्याने टिपून नेत. परंतु उष्णतेवरील आपले संशोधन त्याने कधीच छापले नाही. प्रकृती नाजूक होती हे खरे, पण लेखनाचा कंटाळा हेही एक कारण असावे. दरम्यान १७७२ साली स्वीडनच्या विल्के याने बर्फाची गुप्त उष्णता स्वतंत्रपणे शोधून प्रसिद्ध केली. ब्लॅकने वाद घातला असता तर त्यास दोष देता आला नसता. तो मात्र आपल्या वर्गात शिकवीतच राहिला.

६ डिसेंबर १७९९ रोजी, खुर्चीवर बसल्या बसल्याच, त्याचा शांतपणे अंत झाला. मांडीवरील दुधाचा पेला कलंडलादेखील नव्हता, असे सांगतात. त्याचा शिष्य आणि मित्र जॉन रॉबिसन याने त्याची टिपणे जुळविली आणि १८०३ साली ती व्याख्याने दोन खंडांत छापून काढली.