कामगारांचे कैवारी : ना. म. जोशी

मुंबईच्या परळ, लालबाग, शिवडी, डिलाईल रोड या भागाला गिरणगाव असे नाव पडले, कारण तेथे जिकडे पाहावे तिकडे कापडाच्या गिरण्यांची धुराडी उभी होती. पहाट फुटण्यापूर्वी भोंगे वाजत आणि चाळीचाळींतून माणसांचे लोंढे बाहेर पडत. ही माणसे बहुतेक कोकणातून आणि घाटावरून आलेली होती. रत्नागिरी, कुलाबा, सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतील तुटपुंज्या शेतीवर भागेना, म्हणून ती मुंबईस आली. एका खोलीत एक कुटुंब राहिले तर ते भाग्याचे. पुष्कळदा दोन कुटुंबे राहत आणि उरलेली एकटी माणसे जिन्याखाली किंवा गॅलरीत पथारी पसरीत. १९११ च्या कायद्याप्रमाणे गिरणीत प्रौढ पुरुषाकडून दिवसाला बारा तास काम घेता येत असे, आणि नऊ वर्षांच्या मुलालाही अर्धवेळ कामावर ठेवता येत असे.

या माणसांसाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या नारायण मल्हार जोशी यांचा गिरणीशी जन्माने काहीच संबंध नव्हता. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, गोरेगाव या गावी ५ जून १८७९ रोजी त्यांचा जन्म झाला. पुण्यास शिक्षण घेऊन १९०१ साली ते पदवीधर झाले आणि पुढे सुमारे आठ वर्षे त्यांनी शिक्षकाचे काम केले. शिक्षकाला एक सवय जडते. तीच गोष्ट दहा वेळा, न रागावता, समजावून सांगण्याची ती सवय जोशींना पुढे फार उपयोगी पडली, असे मला नेहमी वाटत आले आहे.

१९०९ साली ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य झाले. या समाजाच्या सदस्याने स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, समाज देईल त्या अल्प वेतनात संसार चालवायचा आणि देशाचे काम करायचे, असा नियम होता. जोशींच्या वाट्याला मुंबई आली. १९११ साली त्यांनी तेथे सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापन केली. गिरणगावात रात्रीच्या शाळा निघाल्या, वाचनालये उघडली, सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठी सहकारी पतपेढ्या सुरू झाल्या. बारा तास साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री कंदिलाच्या उजेडात मुळाक्षरे गिरवू लागला.

हे काम मोलाचे होते. पण त्याला एक मर्यादा होती. रात्रशाळेत शिकलेल्या कामगाराला आपल्या पगाराचा हिशेब वाचता येऊ लागला, तरी तो पगार किती असावा हे ठरविण्यात त्याला काडीचाही अधिकार नव्हता. तो एकटा व्यवस्थापकाकडे गेला तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसावे लागे. दारात काम मागणाऱ्यांची रांग उभीच असे, आणि कोणाला आत घ्यायचे हे जॉबरच्या मर्जीवर असे. एकटा कामगार दुबळा आहे, पण एका गिरणीतील सगळे कामगार मिळून बोलू लागले तर मालकाला ऐकावे लागते. पगार, कामाचे तास, रजा यांविषयी कामगारांच्या संघटनेने सर्वांच्या वतीने मालकांशी बोलणी करून करार करावा, याला सामुदायिक वाटाघाट म्हणतात. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी बहुतेक मालकांना ती उद्धटपणाची वाटे.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. त्यास हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशींना पाठविले. त्या परिषदेनंतर १९२२ साली कारखान्यांचा कायदा सुधारला गेला. कामाचा आठवडा साठ तासांचा झाला आणि बारा वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास बंदी झाली. म्हणजे तुमच्या वर्गातील काही मुले त्या सुधारलेल्या कायद्याप्रमाणेही गिरणीत अर्धवेळ कामाला जाऊ शकली असती. दरम्यान १९२० च्या ऑक्टोबरात मुंबईस अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. लाला लजपतराय अध्यक्ष झाले. जोशी या संस्थेच्या आरंभापासूनच तिच्या कार्यकर्त्यांत होते आणि पुढे अनेक वर्षे तिचे सरचिटणीस झाले.

पण संघटना काढणे हाच तेव्हा एक धोका होता. मद्रासच्या एका गिरणीतील तंट्यात तेथील कामगार पुढारी बी. पी. वाडिया यांच्यावर मालकांनी दावा लावला. कामगारांना करार मोडण्यास चिथावल्याबद्दल त्यांच्याकडे नुकसानभरपाई मागितली आणि न्यायालयाने त्यांना मनाई हुकूम केला. कामगारांना एकत्र येण्याचा सल्ला देणाराच जर न्यायालयात खेचला जाऊ लागला, तर संघटना उभी राहणार कशी? जोशी १९२१ पासून मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे सरकारनियुक्त प्रतिनिधी होते. त्याच वर्षी त्यांनी तेथे ठराव मांडला की कामगार संघटनांना कायद्याने मान्यता व संरक्षण द्यावे. कायदा होण्यास पाच वर्षे लागली. १९२६ साली तो झाला आणि नोंदलेल्या संघटनेवर केवळ संप केला म्हणून दावा लावता येणार नाही, हे ठरले.

मधल्या काळात गिरण्यांचे दिवस पालटले होते. पहिल्या महायुद्धात परदेशी कापडाची आवक घटली आणि मुंबईच्या मालकांना अमाप नफा झाला. नवे कारखानदार पुढे आले, जुन्या गिरण्या चढ्या किमतींना विकल्या गेल्या, भागीदारांना भरपूर लाभांश वाटला गेला. १९२२ नंतर वारे फिरले. जपानचे स्वस्त कापड आणि सूत येऊ लागले, चीनमधील सुताची बाजारपेठ हातची गेली, अहमदाबाद आणि इतर ठिकाणच्या गिरण्या स्पर्धेत उतरल्या. गोदामांत माल साचू लागला. अशा मंदीत नुकसान सोसायचे कोणी?

मालकांच्या संघाने उत्तर दिले : कामगारांनी. १ सप्टेंबर १९२५ पासून वेतनात साडेअकरा टक्के कपात जाहीर झाली. समजा एखाद्याला महिना तीस रुपये मिळत होते, तर आता त्याच्या हाती साडेतीन रुपये कमी पडणार होते. त्या काळी तेवढ्या पैशांत घरच्या धान्याचा मोठा वाटा येई. मालकांची एक तक्रार मात्र खरी होती. गिरणीत विणलेल्या कापडावर सरकार साडेतीन टक्के जकात घेत असे. विलायती कापडाला इथे स्पर्धा होऊ नये म्हणून ती जुन्या काळी बसविली होती, आणि सारा देश तिच्यावर चिडलेला होता. सरकारने ही जकात उठविली तर कपात मागे घेऊ, असे मालक म्हणत.

१५ सप्टेंबरला संप सुरू झाला. पाहता पाहता दीड लाख कामगार बाहेर पडले आणि मुंबईची धुराडी थंड पडली. कामगारांकडे शिल्लक नव्हती, आणि संपाच्या काळात खायला घालील अशी पक्की संघटनाही नव्हती. अनेकांनी बोचकी बांधली आणि बोटीने किंवा आगगाडीने गाव गाठले. गावी भाताची कापणी जवळ आली होती. जे मुंबईत उरले ते वाण्याच्या उधारीवर जगले, आणि उधारी संपली तेव्हा घरातील भांडी गहाण पडली.

जोशी या संपात कामगारांच्या बाजूने उभे राहिले. मदतीसाठी त्यांनी पैसा गोळा केला. परदेशांतील कामगार संघटनांकडूनही मदत आली. दुसरीकडे मालकांचा युक्तिवाद तपासण्याचे काम चालू होते. तेजीत झालेल्या नफ्यातून काही शिल्लक का टाकली नाही? गिरणी चालविणाऱ्या एजंट मंडळींचे कमिशन तसेच ठेवून मजुराचाच पगार का कापावा? कामगारपक्ष हे प्रश्न विचारीत होता, आणि जोशींची रीत अशी की प्रश्नासोबत आकडेही ठेवायचे. सभा गाजविणारे वक्तृत्व त्यांच्याजवळ नव्हते. कागदपत्रे, अहवाल आणि चिकाटी हीच त्यांची हत्यारे होती.

१ डिसेंबर १९२५ रोजी सरकारने जकात स्थगित केली. मालकांनी शब्द पाळला, कपात मागे घेतली आणि अडीच महिन्यांनी भोंगे पुन्हा वाजू लागले. विजय झाला खरा. पण नीट पाहिले तर त्यात कामगारांच्या बळाइतकाच एका जुलमी कराच्या अंताचाही भाग होता. पुढच्या वेळी असा कर मदतीला येणार नव्हता.

म्हणून १९२६ च्या जानेवारीत बॉम्बे टेक्सटाइल लेबर युनियन स्थापन झाली आणि जोशी तिचे अध्यक्ष झाले. संपापुरती उभी राहायची आणि संप संपताच विरायची, अशी ही संघटना नव्हती. सभासदाने दरमहा काही आणे वर्गणी द्यायची, तक्रार असेल तर कचेरीत येऊन नोंदवायची, आणि युनियनने ती घेऊन व्यवस्थापकाकडे जायचे, अशी तिची पद्धत होती. तक्रारी कोणत्या? पगार अडकला. कारण न देता काढून टाकले. जॉबर दस्तुरी मागतो. विणताना खराब झालेले कापड कामगाराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापली. यांतली एकेक तक्रार लहान दिसते. पण अशा शेकडो तक्रारींसाठी पत्रे लिहायची, उंबरठे झिजवायचे, नकार आला की पुन्हा लिहायचे, या कामाला टाळ्या मिळत नाहीत.

मंदी हटली नाही. एका विणकराने दोन साच्यांऐवजी तीन साचे सांभाळावेत, सूतकताईच्या खात्यातही एकाने पूर्वीच्या दुप्पट चात्या पाहाव्यात, अशा योजना मालकांनी आणल्या. काम वाढणार, माणसे घटणार आणि दर उतरणार. १९२८ च्या एप्रिलमध्ये गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. सरसकट संपाची घाई करू नये असे जोशींचे मत होते. मागल्या संपात घरोघर काय झाले हे त्यांनी पाहिले होते. श्रीपाद अमृत डांगे आणि त्यांचे तरुण साम्यवादी सहकारी वेगळ्या विचारांचे होते; हा लढा सर्व गिरण्यांचा व्हावा असे त्यांना वाटत होते, आणि कामगार मोठ्या संख्येने त्यांच्या मागे गेले. येथे जोशींचा थोरपणा दिसतो. आपले म्हणणे डावलले गेले म्हणून ते घरी बसले नाहीत. मे महिन्यात दोन्ही गटांची संयुक्त संप समिती झाली, आणि ज्यांच्याशी पटत नव्हते त्यांच्याच शेजारी बसून जोशींनी मालकांशी बोलणी केली.

तो संप सहा महिने चालला. अखेर सरकारच्या मध्यस्थीने ४ ऑक्टोबरला बैठक झाली. तंट्याची सर्व कलमे न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीपुढे ठेवावीत असे ठरले आणि ६ ऑक्टोबरला गिरण्या उघडल्या. मुंबईच्या गिरण्यांत कोणत्या कामाला कोणता दर, किती साचे, कोणते नियम, याची मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींनी एकाच टेबलाशी बसून कलमवार छाननी केली. कामगारांना सगळे मिळाले असे नाही, आणि जे मिळाले तेही फार टिकले नाही. १९२९ च्या मार्चमध्ये डांगे प्रभृतींना मीरतच्या खटल्यासाठी पकडण्यात आले. त्या वर्षी पुन्हा झालेला संप फसला.

त्याच वर्षी जोशींवर टीकेचा वर्षाव झाला. ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यास व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि त्याचे सदस्यत्व जोशींनी स्वीकारले. परकी सरकारच्या आयोगावर बहिष्कार घालावा, असे ट्रेड युनियन काँग्रेसमधील बहुमत होते. नागपूरच्या अधिवेशनात फूट पडली आणि जोशी व त्यांचे सहकारी बाहेर पडले. मालक त्यांना तंटेखोर समजत, जहाल सहकारी त्यांना मवाळ म्हणून हिणवीत. जहालांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. राज्य परक्यांचे होते, आणि सरकारनियुक्त सभासदाने कितीही भांडावे तरी मते मोजताना सरकारचेच पारडे जड असे. १९२४ मध्ये जोशींनी मांडलेले, बाळंतपणात स्त्री-कामगारांना मदत देण्याचे विधेयक असेच फेटाळले गेले होते. तरीसुद्धा आयोगाच्या अहवालातून काही गोष्टी निघाल्या. १९३६ च्या वेतन देण्याच्या कायद्याने पगार ठराविक मुदतीत देणे बंधनकारक झाले, दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक करता येईना, आणि पंधरा वर्षांखालील मुलांना तर दंड करण्यासच मनाई झाली. महिना महिना पगार अडवून धरणाऱ्या गिरण्यांत या कलमांचा अर्थ काय होतो, हे त्या कामगारांच्या बायकांना विचारायला हवे होते.

जगभर पसरलेल्या १९२९ नंतरच्या महामंदीत मुंबईच्या गिरण्यांनी पुन्हा पगार कापले. कामगारांत फूट होती, संघटना दुबळ्या झाल्या होत्या, आणि १९३४ चा संप हरला. एकी नसताना काय होते हे सर्वांनाच दिसले. १९४० साली दुभंगलेली चळवळ पुन्हा एकत्र आली, तेव्हा दोन्ही बाजूंना चालेल असा सरचिटणीस म्हणून ज्यांच्याकडे पाहिले गेले, ते ना. म. जोशीच होते. त्यांना मवाळ म्हणणारेही आता त्यांच्यासोबत काम करू लागले.

मध्यवर्ती विधिमंडळात १९२१ पासून १९४७ पर्यंत ते कामगारांच्या बाजूने बोलत राहिले. अपघातात हात गमावलेल्या कामगाराची भरपाई, खाणीतील स्त्रिया, गोदीतील मजूर, आगबोटीवरील खलाशी असे विषय निघाले की जोशी उठत. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. गिरणगावातून जाणाऱ्या डिलाईल रोडला पुढे ना. म. जोशी मार्ग असे नाव देण्यात आले. त्या रस्त्यावरचे गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत आणि पुष्कळ गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत; जुन्या वस्तीतील वृद्ध माणसे मात्र अजूनही त्या रस्त्याला डिलाईल रोडच म्हणतात.