कर्मवीर भाऊराव पाटील व त्यांचें वसतिगृह

मुळशी तालुक्यांतील भूगाव आज पुण्याला जवळजवळ लागलेंच आहे. परंतु एके काळीं असल्या गांवांतील मुलाला मराठी शाळा संपल्यावर इंग्रजी शिक्षणासाठीं शहराची वाट धरावी लागे. आणि तेथें राहावें कोठें व खावें काय, हा प्रश्न फीच्याही आधीं उभा राही. किती हुशार मुलें ह्या एका प्रश्नापाशीं अडून गुरांमागें गेलीं असतील! वाचकहो, हा प्रश्न ज्यांनीं आपल्या घरचाच मानला, त्या भाऊराव पाटलांची हकीकत आज सांगावयाची आहे.

त्यांचा जन्म कोल्हापूरकडील कुंभोज गांवीं, एका जैन कुटुंबांत, २२ सप्टेंबर १८८७ रोजीं झाला. शिक्षणासाठीं ते कोल्हापुरास जैन वसतिगृहांत राहिले. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले असतां, परत आल्यावर त्यांस स्नान करण्यास सांगण्यांत आलें. त्यांनीं तें नाकारलें, व त्यांस वसतिगृह सोडावें लागलें. मॅट्रिकपर्यंत त्यांची मजल गेलीच नाहीं. परीक्षेंत मागें पडलेल्या व आसरा गमावलेल्या मुलाच्या मनांत काय चालतें, हें त्यांस कोणी शिकवावें लागलें नाहीं.

पुढें साताऱ्यास त्यांनीं शिकवण्या केल्या. ओगल्यांचे कंदील व किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठीं खेडोपाडीं हिंडले. त्या फिरस्तींत शेतकऱ्यांच्या घरचें अज्ञान त्यांनीं जवळून पाहिलें. १९१९ सालीं कऱ्हाडजवळील काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह उघडलें. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्यास छत्रपति शाहू महाराजांचें नांव देण्यांत आलें.

ह्या वसतिगृहांत मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशीं सर्व मुलें एका पंक्तीस जेवत. दळण, पाणी, स्वयंपाक, शेतकाम हीं कामें मुलेंच करीत. इतक्या श्रमानंतर दिव्यापाशीं डोळे मिटत असतील, असें कोणी म्हणेल, व तें अगदींच खोटें नसावें. परंतु स्वतःच्या हातचें खाणाऱ्या मुलास आपण कोणाच्या उपकाराचे ओझेकरी आहों असें वाटत नाहीं, आणि मान ताठ असली म्हणजे वर्गांतही उत्तर देण्यास धीर येतो. धान्यासाठीं गांवोगांवच्या बाया रोजच्या दळणांतून एक मूठ बाजूस काढून ठेवीत. तिला मुष्टिफंड म्हणत.

तरीही कोठार रिकामें होई. येथें भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांचें नांव घेतल्यावांचून पुढें जाणें योग्य नव्हे. त्या जुन्या वळणाच्या घरांत वाढलेल्या. अस्पृश्य मुलांस स्वयंपाकघरांत घेणें त्यांस आरंभीं जड गेलें. पण आजारी मुलाच्या उशाशीं बसतां बसतां जात कोठें गळून पडली, तें त्यांचें त्यांसही कळलें नसेल. अंगावरचे दागिने एकामागून एक मुलांच्या अन्नासाठीं गेले, आणि एके दिवशीं शिध्यास कांहींच उरलें नाहीं तेव्हां त्यांनीं गळ्यांतील मंगळसूत्रही काढून दिलें. सौभाग्यवती स्त्रीनें असें करणें म्हणजे काय, हें आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको. १९३० सालीं त्या निवर्तल्या. देणग्यांच्या यादींत मंगळसूत्राची किंमत कशी लिहावी?

१९३२ सालीं, येरवड्याच्या करारानंतर, पुण्यासही युनियन बोर्डिंग हाउस निघालें व तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहूं लागलीं. १९३५ सालीं साताऱ्यास शिक्षकांचें ट्रेनिंग कॉलेज सुरू झालें. मुलांस समजून घेणारा गुरुजी नसेल तर नुसती भाकर पुरत नाहीं, हें भाऊराव जाणून होते. १९४० सालीं महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालें. तें मोफत होतें, व मुलें तेथेंच राहून, काम करून शिकत. दाढी वाढलेले, अनवाणी, खांद्यावर घोंगडी घेतलेले हे गृहस्थ स्वतः गांवांत जाऊन मुलें गोळा करून आणीत. त्यांच्याच छायेंत वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले व पुढें शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरु झाले.

१९५९ सालीं सरकारनें भाऊरावांस पद्मभूषण दिलें, व पुणें विद्यापीठानें मॅट्रिकही न झालेल्या ह्या माणसास डी. लिट्. ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षीं ९ मे रोजीं ते वारले.